तीन दगडांवरची कुएतिआव

कामशेतच्या फलाटावर माझी आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "तितलं पानी कसं हाय ते आदी बग, मग चूल मांड." ती रडत नव्हती. मीही रडत नव्हते. रडण्याचं काम थोरले भाऊजी करत होते, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. उपरण्याने डोळे पुसत ते ज्याला त्याला सांगत होते की माझा उजवा हात चालला. हा उजवा हात त्यांनी स्वतःच गाडीत बसवला होता. वडिवळ्याची खाचरं दोन भावांच्या संसाराला पुरायची नाहीत, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता. आमचे हे तेव्हा लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनावर होते. बँकॉकच्या एका भात गिरणीला इंजिन सांभाळणारी माणसं हवी होती, मुकादम माणसं शोधत घाटावर आला होता. भाऊजींनी होकार दिला. ह्यांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही.

गाडी सुटली आणि थोड्या वेळाने मळवली आली. माझे वडील मळवलीला सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलायचं काम त्यांचं. त्या वेळी ते कामावर होते. सांध्याजवळ हिरवा बावटा धरून उभे. गार्डाचा डबा पुढे जाईपर्यंत बावटा खाली घ्यायचा नाही, नजर रुळांवरून काढायची नाही, असा त्यांचा नियम. त्यांनी नजर काढली नाही. माझा डबा त्यांच्यासमोरून गेला, मी खिडकीतून त्यांच्या पागोट्याचा मागचा शेव पाहिला. मला त्यात वाईट वाटलं नाही. माणूस आपलं काम करत होता. कामशेतला हुंदके देणारं कुणीही तेवढं करत नव्हतं.

हे मी आज लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा लोणावळ्याच्या बाजारात वडिवळ्याची एक बाई भेटली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "गावात म्हनत्यात, सयामवालीनं घर फोडलं." मी तिला तिथे काही बोलले नाही, मला माझ्या खानावळीसाठी वांगी घ्यायची होती. पण घरी आल्यावर विचार केला, वडिवळ्याला मागे राहिलेल्यांनी एक बाजू इतकी वर्षं ऐकली आहे, दुसरीही ऐकावी. आणि आमच्याबरोबर जे त्या गिरणीवर गेले होते, आणि आता आपापल्या गावी येऊन खाली मान घालून बसले आहेत, त्यांनीही ऐकावी.

बँकॉकला आमची खोली गिरणीच्या मागच्या गल्लीत होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कालवा. गिरणीच्या भट्टीत लाकूड नव्हे, भाताचं तूस जाळायचे. त्याची राखाडी राख दिवसभर पडायची, धुतलेल्या लुगड्यावर, भातावर, केसांत. मावळातल्या बाईला भात नवा नव्हता, पण डोंगराएवढा भात एका जागी मी पहिल्यांदा पाहिला आणि त्यातला एक दाणाही आपल्या घरच्यासारखा शिजेना. मऊ व्हायला हवा तिथे फडफडीत, फडफडीत हवा तिथे चिकट. आईच्या सांगण्याप्रमाणे पाणी आधी पाहिलं. कालव्याचं पाणी प्यायचं नाही, रांजणात पावसाचं साठवायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकले. बाकी शिकायला वेळ लागला.

मी डाळभात करायची, जमेल तेव्हा तांदळाची भाकरी करायची. हे संध्याकाळी येऊन पानावर बसायचे आणि भात नुसता चिवडायचे. काही दिवसांनी कळलं की हे पोट भरूनच घरी येत. कालव्यातून बुन्मी नावाची बाई होडी घेऊन यायची. होडीतच शेगडी, होडीतच कढई. तिचा नवरा चिनी, आमच्याच गिरणीत पोती वाहायचा. ती स्वतः सयामी. ती परतलेली कुएतिआव विकायची. कुएतिआव म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या, बोटभर रुंद पट्ट्या. त्यात कोळंबी, अंडं, मोड आलेले मूग, चिंच, गूळ, आणि माशाचं खारं पाणी, ज्याला तिकडे नाम प्ला म्हणतात. गिरणीतली निम्मी माणसं सुट्टीचा भोंगा झाला की काठावर रांगेत उभी असत. आमचे हे त्या रांगेत पहिले.

मी त्यांना त्यावर बोलले, तेव्हा हे म्हणाले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "मंग शिकून घे की. बुन्मीला इचार. घरात व्हईल तर मी कशाला भाईर खाईन?"

म्हणून मी शिकले. हे नीट ध्यानात ठेवावं. मला तोंडाची चटक लागली नव्हती. मला तो वास सुरुवातीला सहन होत नव्हता. नाम प्लाची बाटली उघडली की मी पदर नाकाला लावायची आणि बुन्मी हसून हसून होडी हलवायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. ती माझा हात धरून कढईच्या वर न्यायची, अजून नाही, अजून नाही, आणि हात भाजायला लागला की सोडून म्हणायची, हं, आता घाल. एका वेळी एकाच माणसापुरतं परतायचं. जास्त घातलं की लगदा. पट्ट्यांना झारा टोचायचा नाही, खालून उचलून उलटायच्या. मी दोनदा लगदा केला. दोन्ही वेळा तिने तो तिच्या कोंबड्यांना घातला आणि मला पुन्हा पट्ट्या दिल्या. आमच्या सगळ्या गोतावळ्यात इतक्या सरळपणे मला कुणी काही शिकवलेलं नाही.

पुढची सगळी वर्षं आमच्या खोलीत संध्याकाळी तेच जेवण. हे कामावरून येत, हातपाय धूत, पाटावर बसत. बशीत आलेला ढीग आधी बोटांनी तळापासून वर घेत, वरून लिंबू पिळत, शेंगदाण्याचं कूट भुरभुरत. आमच्या लेकीला, चंपाला, पहिला दात आला तोही ह्याच पट्टीवर. ती तिथेच जन्मली. भाकरी तिला माहीत नव्हती, जशी मला कुएतिआव माहीत नव्हती.

डुक्कर मात्र आमच्या कढईत कधी पडलं नाही. हे मी माझ्या कढईपुरतं सांगते. चिन्यांच्या दुकानात बसून ह्यांनी काय काय खाल्लं ते मी इथे लिहीत नाही. माणसाची मूठ थोडी तरी झाकलेली बरी.

मग लढाई आली. आधी विलायतेत होती, मग ती आमच्याही बाजूला येणार असं गिरणीत बोलू लागले. जहाज मिळतंय तोवर निघा, असं सगळ्यांनी सांगितलं. निघताना बुन्मीने मला तिची लहान लोखंडी कढई दिली. मी तिला माझ्या हातातल्या पाटल्यांतली एक सोडून दुसरं काय देणार? ती तिने घेतली नाही. सामान किती न्यायचं त्याला बंधन होतं, तेव्हा मी पितळेचा हंडा तिथे ठेवला आणि कढई आणली. त्याचा मला पस्तावा नाही.

मुंबईहून येताना हे म्हणाले, तू आणि चंपा मळवलीला तुझ्या आईकडे उतरा, मी पुढे जाऊन दादाला सांगतो, घर झाडून ठेवतील. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मायलेकी वडिवळ्याला पोचलो. दारात थोरल्या जाऊबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. लांबून आलेल्याची दृष्ट काढून घरात घ्यायची, ही आपली रीत. चंपावरून त्यांनी भाकरतुकडा ओवाळला. माझ्याकडे वळल्या आणि आतून भाऊजी खाकरले. जाऊबाईंचा हात तिथेच थांबला.

आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. भाऊजी सोप्यातल्या खांबाकडे बघून बोलले, "तिला म्हनावं, हितंच थांब. चिन्याच्या हातचं खाल्लेली बाई चुलीपाशी जायची न्हाई. भावकी बोलवू. भावकीम्होरं 'चुकलं' म्हन, आबांनी हातचं पानी घेतलं म्हंजी झालं. तवर मागं गोठ्याकडं."

ज्या कौलांखाली ते उभे होते ती कौलं आमच्या तिकडच्या घामातून चढली होती. आधी त्या घरावर गवत होतं. मी खांबाकडे बघितलं. आमचे हे त्याच खांबाला टेकून बसले होते, त्यांनी फक्त पाय जवळ घेतले.

गोठ्याच्या मागे मी तीन दगड मांडले. भांडी माझी वेगळी, पाणी माझं मीच ओढ्यावरून आणायचं, घरच्या रांजणाला हात लावायचा नाही. हे आत जेवत होते. तेही बँकॉकहूनच आले होते, त्याच खोलीतून, त्याच पाटावरून उठून. त्यांचा हात मात्र रांजणाला चालत होता. हे कसं, ते मला चार दिवस कळेना. मग जाऊबाईंनी सांगितलं. शेण गोळा करायच्या निमित्ताने त्या मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं धाकटे, तुजा नवराच म्हनला. म्हनला, मी तितं घरचा डाळभातच खाल्ला. ही मातुर त्या बायांत बसून काय बी खायाची. लय सांगितलं, आयकत न्हाई."

मी ओढ्याच्या वाटेवर ह्यांना गाठलं. विचारलं, हे तुम्ही बोललात? हे इकडेतिकडे बघून म्हणाले, "अगं, दोगंबी अडकलो असतो. एकानं तरी आत असाया नको? तुला फकस्त 'चुकलं' म्हनायचं हाय. एक शब्द. काय जातंय तुजं?"

काय जातंय माझं! बुन्मीच्या होडीशी गुडघाभर पाण्यात उभं राहून मी जे शिकले ते जातं. राख झटकून, रांजण भरून, परक्या देशात मी जो संसार उभा केला, तो सगळा एक चूक होती, असं मीच माझ्या तोंडाने म्हणायचं. आणि ज्याच्या पोटासाठी केला त्याने आत बसून ते ऐकायचं. मी ह्यांना एवढंच म्हटलं की मला विचार करू द्या. विचार काही करायचा नव्हता. मला फक्त ओरडायचं नव्हतं.

इकडे चंपा जेवेना. भाकरी तोंडात घोळवायची आणि ठेवून द्यायची. पोर सुकत चाललं. तेव्हा एके सकाळी मी ठरवलं की ज्यावरून एवढा गाजावाजा आहे ते आता इथेच करायचं. ओढ्यात दगडाखाली हात घालून झिंगे धरणारी एक कातकरीण रोज गोठ्यावरून जायची, तिच्याकडून ओंजळभर झिंगे घेतले. कोळंबीपेक्षा बारीक, पण चव गोड. माशाचं खारं पाणी कुठून आणणार? सुकट मिठाच्या पाण्यात उकळून गाळून घेतली. वास अगदी तोच नाही, पण ओळख पटण्याइतका. मुगाला ओल्या फडक्यात आपण ठेवतो त्यापेक्षा दोन दिवस जास्त ठेवून बोटभर मोड काढले. चिंच, गूळ, लसूण घरोघर असतोच. अडलं ते पट्ट्यांपाशी. त्या तिकडे विकत मिळायच्या. मी कधी केल्या नव्हत्या.

जुना जाडा तांदूळ भिजवून पाट्यावर वाटला, पातळ केला, आणि उकळत्या पातेल्यावर ताटली पालथी घालून तिच्यावर पसरून बघत होते. पहिला पापुद्रा फाटला. दुसराही फाटला. जाऊबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, "सर बाजूला. पीठ सारकं न्हाई तुजं, आन् तेलाचं बोट न्हाई लावलंस ताटलीला."

मी सरकले. त्यांनी पीठ सारखं केलं, ताटलीला तेलाचं बोट फिरवलं, पीठ पसरलं, झाकलं, आणि नखाने कड उचलून अख्खा पापुद्रा एका ओढीत सोडवला. उन्हाळ्यात घरोघर सालपापड्या करतात त्याच ह्या: तांदळाच्या वाफवून सोललेल्या, मग कापडावर वाळवून डब्यात भरायच्या. मी तो ओला पापुद्रा घेतला, गुंडाळला आणि विळीवर धरून पट्ट्या पाडल्या. जाऊबाई बघत राहिल्या.

"ह्येच व्हय?" त्या म्हणाल्या. "वाळवायच्या आदी कापायची? येवढंच? आन् ह्याच्यापायी तुला गोठ्यात बसवली?"

करवंदीच्या वाळक्या काटक्यांचा जाळ केला, कढई धूर येईस्तोवर तापवली, आणि चंपापुरतं परतलं. पोरगी जेवली. तिने बशी पुसून घेतली. मग जाऊबाईंसाठी परतलं. त्या गाईच्या आड बसून, दाराकडे पाठ करून, भराभरा जेवल्या, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "म्या खाल्लं म्हनून सांगू नगंस हां." नंतर त्या रोज यायला लागल्या. रोज तेच वाक्य.

मला त्यांच्यावर रागवायचं नव्हतं. पण राग आलाच. त्या घरात प्रत्येक जण आडोशाला काहीतरी खात होता, आणि उघड्यावर मी एकटीच होते.

भात झोडून झाला आणि भावकीचा दिवस ठरला. अंगणात माणसं जमली. मटण शिजलं, पत्रावळी मांडल्या. मधोमध आबा बसले, म्हणजे ह्यांचे चुलते, भावकीतले सगळ्यांत वडील. त्यांच्या तोंडात दात नव्हते, पण शब्द त्यांचाच शेवटचा. मी यायचं, पदर डोक्यावर घेऊन 'चुकलं' म्हणायचं, आबांना पाण्याचा तांब्या द्यायचा, मग पंगत हात धुणार. सगळे भुकेले माझी वाट बघत होते.

मी मागे माझ्या दगडांवर कढई चढवलेली होती. एका माणसापुरतं परतलं आणि बशी घेऊन अंगणात आले. ती ह्यांच्यासमोर ठेवली.

"आबा, मी म्हणते काय म्हणायचं ते," मी म्हटलं. "पण ज्याच्यासाठी म्हणायचं ते एकदा सगळ्यांनी बघावं. ह्यांना विचारा, मी तिकडे हेच खायची का? हे घरात होते. ह्यांनी बघितलं असेल."

ह्यांनी वर बघितलं नाही. "मला काय म्हाईत. म्या कुटं चाखलंय?"

आबा म्हणाले, "मंग चाख की. चाखल्याबिगर वळखनार कसं? बगू तरी सयामात काय खात्यात."

सगळ्यांचे डोळे ह्यांच्यावर. हात पुढे करण्यावाचून इलाज नव्हता. ह्यांनी एक पट्टी उचलली, तोंडात घातली. सकाळपासून उपाशी होते. दुसरा घास घेतला. मग त्यांची बोटं बशीच्या तळाशी गेली आणि ढीग खालून वर घेतला, जसा इतकी वर्षं घेत आले तसा. तिसरा घास. चौथा. आणि मान खाली, तोंड भरलेलं, रोज संध्याकाळच्या त्याच आवाजात हे मला म्हणाले, "लिंबू न्हाई दिलंस? आन् पट्टी आज जाड कापलीस."

लिंबू दिलं नव्हतं, कारण लिंबाचं झाड घराचं होतं आणि त्याला मी हात लावायचा नव्हता.

आबांनी मान वाकडी केली. "आज म्हंजी?" ते म्हणाले. "रोज बारीक कापती व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. "अरं, ह्यो तर पक्का सयामी!" "डाळभात म्हनं डाळभात!" जाऊबाई आतल्या दाराशी पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. आबांनी बशीत बोट घालून एक पट्टी उचलली, हिरड्यांनी चावली आणि म्हणाले, "मऊ हाय. दात नसलेल्या मानसाचं जेवान हाय ह्ये. मला आदी कुनी सांगितलं न्हाई?" पुन्हा हसू. आमचे हेही हसू लागले. भाऊजी तेवढे हसत नव्हते.

मला वाटलं, झालं. आता खरं काय ते सगळ्यांना कळलं.

आबा डोळे पुसत म्हणाले, "जाऊंदे. गडीमानूस हाय, परमुलखात भूक लागती. बरं पोरी, म्हन आता 'चुकलं' आन् दे तांब्या. मटान गार व्हतंय."

मी आजपर्यंत पुष्कळ गोष्टींवर चिडले आहे. पण त्या वाक्याइतका राग मला कशाचाही आला नाही. खोटं सर्वांदेखत उघडं पडलं होतं, बोट घालून चाखलं होतं, चघळून कौतुक केलं होतं, आणि तरी चूक माझीच. गड्याची भूक, आणि बाईची चूक. एकाच कढईतली.

मी म्हटलं, "आधी हे म्हणतील. मग मी."

भाऊजी उठले. रीत विसरले, खांबही विसरले. सरळ माझ्या तोंडावर ओरडले, "कुनाच्या घरात उबी हाईस तू? कुनी सांगितलं व्हतं जायाला?"

"तुम्ही," मी म्हटलं. "कामशेतच्या फलाटावर रडलात, ते कोण होतं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बशीकडे बघत होते. एक शब्द. काय जात होतं त्यांचं? मी खाली वाकले आणि त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली. घासासाठी गेलेला हात तसाच राहिला. चंपाला घेतलं, मागे जाऊन दगडांवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही मायलेकी कामशेतच्या वाटेला लागलो. ह्या खेपेला पोचवायला कुणी नव्हतं, त्यामुळे रडारडही नव्हती.

लोणावळ्याला रेल्वे शेडच्या मागे खोली घेतली. एकट्या राहणाऱ्या फायरमन लोकांना दोन वेळचं जेवण हवं असतं, हे मला माहीत होतं. खानावळ सुरू केली. भाकरी, आमटी, भाजी, आणि आठवड्यातून एकदा कुएतिआव. ही माणसं पहिल्या दिवशी बोटाने चाचपून बघत होती. आता त्या वाराला पाळी बदलून घेतात. ते तिला सयामी शेवया म्हणतात. मी दुरुस्त करायला जात नाही.

हे शिमग्यानंतर आले. दाराबाहेर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "चुकलं." मी म्हटलं, मला ऐकवून उपयोग नाही, मला माहीत आहे. हे म्हणाले, मग काय करू, पुन्हा वडिवळ्याला जाऊन पंगत बोलावू? मी म्हटलं, पंगत नको. संध्याकाळी शेडमधली पाळी सुटते, निम्मी माणसं वडिवळे-कामशेतची असतात, ती ह्याच रस्त्याने स्टेशनकडे जातात. तुम्ही ओट्यावर बसून जेवा.

मी ओट्यावर पाट मांडला. हे रस्त्याकडे पाठ करून बसले. मी त्यांना उठवलं, पाट फिरवला, पुन्हा बसवलं. बशी दिली, लिंबू दिलं. पाळी सुटली. भावकीतलाच एक जण थांबला आणि म्हणाला, "काय खाताय, दादा?"

ह्यांनी घास गिळला. मी दारात उभी होते, आणि मला खरोखर माहीत नव्हतं हे काय बोलतील.

"कुएतिआव," हे म्हणाले. "तितं रोज खायचो. म्याच शिकाया लावली हिला. बस, खाऊन बग."

तो बसला नाही, हसून निघून गेला. पण ते वडिवळ्याला पोचलं असणार, कारण पुढच्या बाजाराला जाऊबाई आल्या आणि ह्या वेळी आडोसा न शोधता सगळ्या फायरमन लोकांदेखत जेवल्या. भाऊजी आलेले नाहीत. हे पुन्हा शेडमध्ये कामाला लागले आहेत. आमचं बरं चाललं आहे. माझा राग गेला का, असं चंपा विचारते. नाही गेला. कमी झाला, असंही नाही. कामात असताना आठवत नाही, एवढंच.

बुन्मीची खबर नाही. लढाईत तिकडे गिरण्यांच्या भागावर बॉम्ब पडले असं ऐकलं. लढाई संपली तरी टपाल पोचतं की नाही कोण जाणे. आणि पोचलं तरी तिला वाचून कोण दाखवणार. तिकडच्या गल्लीतलं कुणी हे वाचत असेल आणि ती जिवंत असेल, तर तिला सांगावं की तिची कढई रोज चुलीवर चढते.

माझं घर आता कुठलं, असं मला विचारतात. मळवलीला आई-वडील आता उरले नाहीत, वडिवळ्याला मी जात नाही, बँकॉकला जाता येत नाही. घर म्हणजे शेडमागची ही खोली. चार भिंती धुराने काळ्या आहेत, घाटात चढणाऱ्या इंजिनांच्या शिट्ट्यांनी भांडी वाजतात. दार दिवसभर उघडं असतं. वडिवळ्याचं कुणीही यावं, भाऊजींनीही यावं, पोटभर जेवावं. पण आत बसून खायचं आणि रस्त्यावर जाऊन नाही म्हणायचं, अशा माणसाला माझ्या घरात पाट मिळणार नाही.